दादाचे यकृत भरून येणार, मग बाबांचे का येत नाही?

पत्राचा सारांश: कोल्हापूरच्या एक वाचक भगिनी लिहितात की त्यांच्या ६१ वर्षांच्या वडिलांना हिपॅटायटिस बीमुळे सिरॉसिस झाला आहे, म्हणजे यकृतात जागोजागी वण पडून ते कठीण झाले आहे, पोटात वारंवार पाणी होते आणि डॉक्टरांनी यकृत प्रत्यारोपण सुचवले आहे. त्यांचा थोरला भाऊ, वय ३४, आपल्या यकृताचा उजवा भाग द्यायला तयार आहे. "दादाचे कापलेले यकृत दोन-तीन महिन्यांत भरून येते असे डॉक्टर सांगतात. मग बाबांचे का येत नाही? ते वाढवणारे एखादे औषध किंवा इंजेक्शन नाही का? आई म्हणते, पोराचे अर्धे काळीज कापून देण्यापेक्षा नातेवाइकांनी सुचवलेले गुळवेलीचे चूर्ण सहा महिने देऊन पाहू. दादा म्हणतो, भरूनच येणार असेल तर पुढे कधी वेळ आली तर पुन्हाही देईन. आम्ही कोणाचे ऐकावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नांपैकी पहिलाच सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर नीट कळले की बाकीच्यांची उत्तरे बरीचशी आपोआप हाती येतात. बाबांचे यकृत वाढायचे विसरलेले नाही. गेली कित्येक वर्षे ते वाढतच आहे. सोनोग्राफीच्या अहवालात ज्या गाठींचा उल्लेख येतो, त्या गाठी म्हणजे मेलेल्या पेशींची जागा भरून काढण्यासाठी उरलेल्या पेशींनी पुन्हा पुन्हा केलेली धडपड आहे. वाढायचा निरोप कधी सुटतो, तो किती काळ चालू राहतो, थांबायचा निरोप वेळेवर पोहोचतो का आणि ज्या सांगाड्यावर वाढायचे तो शाबूत आहे का, या चार बाबतींत दादाचे आणि बाबांचे यकृत वेगळे पडते. जाता जाता, आई 'काळीज' म्हणतात ते चुकीचे नाही. आज आपण तो शब्द हृदयासाठी वापरत असलो, तरी मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की खाटीक यकृतच कापून देतो.

आधी दादाच्या बाजूने पाहू. १९३१ साली अमेरिकेतील मेयो संस्थेत हिगिन्स आणि अँडरसन या दोघांनी प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांच्या यकृताचे सुमारे दोन तृतीयांश भाग कापून काढण्याची एक पद्धत बसवली, आणि यकृताच्या वाढीवरचे बहुतेक संशोधन आजही त्याच पद्धतीने चालते. आठ-दहा दिवसांत उंदराच्या यकृताचे वजन जवळपास पहिल्याइतके होते, मात्र कापलेले खंड पुन्हा उगवत नाहीत. मागे राहिलेले खंडच फुगून, गोलसर होऊन सगळे काम अंगावर घेतात. पालीची शेपटी तुटून पुन्हा येते तसा हा प्रकार नव्हे. चौघांच्या घरात दोघे गेल्यावर उरलेल्या दोघांनी बिऱ्हाड पसरावे, तसे ते असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, दादाच्या शेवटच्या विधानाकडे वळताना ती लागेल.

मी विकृतिशास्त्र शिकवीत असताना विद्यार्थ्यांना दोन स्लाइड शेजारीशेजारी ठेवून दाखवीत असे. पहिली निरोगी यकृताची. तिच्यात शेजारीशेजारी बसलेल्या, गुलाबी, बहुकोनी पेशींच्या ओळी दिसत आणि कितीही वेळ भिंग सरकवले तरी विभाजनाच्या अवस्थेतली पेशी बहुधा सापडत नसे, कारण प्रौढ यकृतातल्या जवळजवळ सर्व पेशी आपापले काम करीत असतात आणि विभाजनाच्या बाबतीत स्वस्थ असतात. दुसरी स्लाइड शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीस तासांनी घेतलेल्या उंदराच्या यकृताची. तिच्यात जिथे पाहाल तिथे एखाद्या पेशीतली गुणसूत्रे मधोमध ओळीत उभी राहिलेली किंवा दोन टोकांकडे ओढली जात असलेली दिसत. मुले नेहमी एकच प्रश्न विचारीत: या पेशींना कळले कसे?

ते कळण्याचे पहिले साधन रक्ताचा प्रवाह. आतड्यांकडून यकृताकडे रक्त आणणाऱ्या शिरेत, जिला डॉक्टर पोर्टल व्हेन म्हणतात, शस्त्रक्रियेनंतरही पूर्वीइतकेच रक्त येत राहते. फक्त ते आता एक तृतीयांश यकृतातून जाते, म्हणजे प्रत्येक ग्रॅम यकृतावर तिप्पट रक्ताचा लोंढा येतो. त्या लोंढ्याचा ताण रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरपेशींना जाणवतो आणि काही मिनिटांतच रासायनिक हालचाली सुरू होतात. त्याच रक्तातून आतड्यांतल्या जिवाणूंचे अंशही येतात. यकृतात पहाऱ्यावर असलेल्या कुप्फर पेशी त्यांना ओळखतात आणि टीएनएफ व इंटरल्यूकिन-६ नावाची प्रथिने सोडतात. इंटरल्यूकिन-६ यकृतपेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला, म्हणजे निरोप स्वीकारणाऱ्या प्रथिनाला, चिकटले की आत स्टॅट-३ हे प्रथिन जागे होते, पेशीच्या केंद्रकात शिरते आणि एरवी बंद असलेली अनेक जनुके चालू करते. ज्या उंदरांत इंटरल्यूकिन-६ चे जनुकच काढून टाकले होते, त्यांच्या यकृताची वाढ कुंठित झाल्याचे १९९६ साली दाखवले गेले. शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे तर ही पेरणीपूर्व मशागत आहे. पेशी तयार झाली, पण अजून विभागू लागलेली नाही.

विभाजनासाठी दुसरा, अधिक जोरकस निरोप लागतो. तो रक्तातून फिरतो, हे १९६७ साली मूल्टेन आणि नॅन्सी ब्यूशर यांनी दोन उंदरांचा रक्तप्रवाह एकमेकांना जोडून दाखवले होते: एकाचे यकृत कापले, तर ज्याला सुरीही लागली नव्हती त्या दुसऱ्याच्या यकृतातही पेशींची लगबग वाढली. १९८० च्या दशकात त्या निरोपाचा मुख्य वाहक सापडला. यकृतपेशींना वाढवणारे हे प्रथिन एचजीएफ या आद्याक्षरांनी ओळखले जाते. ते यकृतातल्या ताराकृती पेशी आणि अस्तरपेशी तयार करतात, त्याचा साठा पेशींभोवतीच्या जाळ्यात सुप्तावस्थेत पडून असतो, आणि शस्त्रक्रियेनंतर लगेच जाग्या होणाऱ्या एका विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, तो मोकळा होतो. उंदरांच्या रक्तात एक-दोन तासांत त्याचे प्रमाण अनेक पटींनी वाढते. यकृतपेशीवरच्या मेट नावाच्या ग्राहकाला तो चिकटतो. सोबत ईजीएफ नावाचे दुसरे वृद्धिप्रथिन त्याच्या स्वतंत्र ग्राहकाला चिकटते. यांपैकी एक मार्ग अडवला तर दुसरा वेळ मारून नेतो. दोन्ही अडवले तर यकृत वाढतच नाही. पित्तातली आम्ले, इन्सुलिन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन यांचाही हातभार लागतो, पण ते मदतनीस आहेत.

इथे एक बारकावा सांगितल्यावाचून राहवत नाही. टोकियोतील संशोधकांनी २०१२ साली दाखवले की उंदराचे फक्त तीस टक्के यकृत काढले, तर उरलेल्या पेशी विभागतच नाहीत, नुसत्या आकाराने मोठ्या होतात आणि तूट भरून निघते. सत्तर टक्के काढल्यावर मात्र आधी मोठ्या होतात आणि मग विभागतात. म्हणजे पेशींपर्यंत पोहोचणारा निरोप नुकसान किती झाले हेही सांगतो आणि त्याप्रमाणे उपाय ठरतो.

आता थांबण्याचे पाहू, कारण मला विचाराल तर या सगळ्या कथेतला सर्वांत विलक्षण भाग तोच आहे. यकृत शरीराच्या गरजेइतके होताच वाढ आवरती घेते. लहान कुत्र्याचे यकृत मोठ्या कुत्र्यात बसवले तर ते वाढून मोठ्या कुत्र्याला साजेसे होते, आणि उलट केले तर हळूहळू आक्रसते. पिट्सबर्गमध्ये १९९२ साली एका माणसात बॅबून माकडाचे यकृत बसवले होते. तो रुग्ण काही आठवड्यांपलीकडे जगला नाही, पण तेवढ्यात ते यकृत माणसाच्या मापाकडे वाढले होते. ही मापणी करण्यात टीजीएफ-बीटा हे वाढ रोखणारे प्रथिन आणि हिप्पो नावाचा संदेशमार्ग यांचा मोठा वाटा आहे. हिप्पो मार्गाचे काम म्हणजे याप नावाच्या प्रथिनाला पेशीच्या केंद्रकाबाहेर अडवून ठेवणे. २००७ साली उंदरांच्या यकृतात याप मुद्दाम मोकाट सोडले, तेव्हा शरीराच्या सुमारे पाच टक्के वजनाचे यकृत वाढत वाढत पंचवीस टक्क्यांवर गेले आणि पुढे त्यात कर्करोगाच्या गाठी झाल्या. 'वाढवणारे इंजेक्शन' मागताना हा आकडा डोळ्यांपुढे ठेवावा.

बाबांच्या यकृतात हेच सगळे संदेश आहेत, फक्त त्यांचा ताल बिघडला आहे. दादाच्या यकृतावर एकदा, नेमका, स्वच्छ घाव पडणार आहे आणि उरलेला भाग पूर्ण निरोगी असेल. बाबांच्या यकृतावर विषाणूमुळे वर्षानुवर्षे रोज थोडा थोडा घाव पडत आला आहे: पेशी मरतात, कुप्फर पेशी निरोप सोडतात, शेजारच्या पेशी विभागतात, त्यांनाही विषाणू गाठतो आणि त्याही मरतात. मघाशी एचजीएफ देणाऱ्या ज्या ताराकृती पेशी म्हणून सांगितल्या, त्याच पेशी सततच्या जखमेमुळे आपला स्वभाव बदलतात. एरवी त्या अ जीवनसत्त्वाचा साठा सांभाळून शांत असतात. टीजीएफ-बीटाच्या सततच्या माऱ्याखाली त्या तो साठा टाकून देतात आणि कोलॅजेनचे, म्हणजे ज्यापासून वण बनतो त्या प्रथिनाचे, धागे विणू लागतात. वाढ थांबवण्यासाठी थोडा वेळ यायचा तो संदेश इथे कायमचा मुक्काम ठोकतो: यकृतपेशींना तो म्हणतो 'थांबा', आणि ताराकृती पेशींना म्हणतो 'विणत राहा'.

आमच्या विभागात फॉर्मालिनच्या बरणीत सिरॉसिस झालेले एक यकृत होते. निरोगी यकृताचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि कडा धारदार असते. हे मात्र रामफळासारखे नव्हे, चक्क सीताफळासारखे उंचसखल होते, आणि सुरी फिरवली की करकर आवाज येई. प्रत्येक उंचवटा म्हणजे नव्या पेशींचे एक बेट आणि दोन उंचवट्यांमधली पांढरी रेघ म्हणजे वणाची भिंत. बेटावरच्या पेशी जिवंत असतात, पण रक्त त्यांच्यापर्यंत सरळ पोहोचत नाही आणि त्यांनी केलेले पित्त नीट बाहेर जात नाही. पोर्टल व्हेनमधले रक्त या भिंतींमुळे तुंबते, आणि बाबांच्या पोटात होणारे पाणी त्या तुंबण्यातूनच येते. वाढ आहे, पण तिचा उपयोग नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

त्यामुळे औषधाबाबत माझा सल्ला असा की जो उपाय घाव थांबवतो तो आधी घ्यावा आणि जो नुसती वाढ ढकलतो त्याच्या मागे लागू नये. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत घाव थांबवणारी उत्तम औषधे आपल्याकडे आहेत. टेनोफोविर पाच वर्षे घेतलेल्या रुग्णांच्या यकृताचे तुकडे आधी आणि नंतर तपासलेला एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुरुवातीला सिरॉसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांमध्ये पाच वर्षांनंतर सिरॉसिस उरलेला नव्हता. विषाणू गप्प बसला की वणाच्या भिंतीही विरघळू शकतात, हे त्यातून सिद्ध झाले. मात्र ते रुग्ण बाबांच्या अवस्थेतले नव्हते. पोटात पाणी वारंवार होऊ लागल्यावर पाच वर्षे वाट पाहण्याइतकी सवड बहुधा नसते. बाबांची विषाणूवरची गोळी चालू असेलच. ती एक दिवसही स्वतःहून बंद करू नका, प्रत्यारोपणानंतरही ती लागणार आहे.

वाढवणाऱ्या औषधांवर संशोधन चालू आहे आणि ते मी उत्सुकतेने वाचतो. जर्मनीतील ट्यूबिंगेनच्या संशोधकांना एमकेके-४ नावाचे एक प्रथिन सापडले, जे यकृतपेशींच्या वाढीला लगाम घालते. त्याला रोखणारे औषध त्यांनी तयार केले आणि निरोगी स्वयंसेवकांवरच्या त्याच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली आले. बाबांसारख्या रुग्णाला ते आज मिळणार नाही. अस्थिमज्जेतल्या पेशी रक्तात आणणारे जीसीएसएफचे इंजेक्शन कोणी सुचवील. दिल्लीतल्या एका छोट्या चाचणीत २०१२ साली त्याचा फायदा दिसला होता, पण जर्मनीतल्या मोठ्या चाचणीत २०२१ साली तो दिसला नाही. शिवाय हिपॅटायटिस बीच्या सिरॉसिसमध्ये कर्करोगाचा धोका आधीच असतो. कोणत्या पेशीत बिघाड दडला आहे हे माहीत नसताना सगळ्यांनाच वाढायचा हुकूम देणे मला धोक्याचे वाटते.

आता चूर्ण. आईंच्या काळजीचा मी अनादर करीत नाही, पण या बाबतीत मी स्पष्ट 'नाही' म्हणेन. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली नोंदवले होते. त्यांतल्या काहींमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखे चित्र होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नव्हती असे म्हटले. तो वाद ज्याच्या त्याच्या जागी राहू द्या. निरोगी माणसाला जे पचेल ते बाबांच्या यकृताला पचेलच असे नाही, आणि सुट्या चूर्णाच्या पुडीत नेमके काय आहे हे सांगणारे कोणी नाही. आणखी एक म्हणजे, हे सहा महिने बाबांच्या खात्यातून खर्च होतील. पुडी आधीच आणली असेल आणि चार दिवस दिली असेल, तर ओरडा बसेल म्हणून लपवू नका. ती जशीच्या तशी डॉक्टरांना दाखवा.

दादाकडे वळतो. त्याचा निर्णय उदार आहे, पण त्यामागचे गणित त्याने अर्धेच ऐकले आहे. उजवा भाग म्हणजे साधारण साठ टक्के यकृत. त्याच्या सीटी स्कॅनवरून मोजमाप करून मागे किती टक्के उरेल ते काढले जाते, आणि ते किमान तीस ते पस्तीस टक्के असावे लागते. बाबांना मिळणारा भाग त्यांच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के तरी हवा. ७० किलोच्या माणसाला सुमारे ५६० ग्रॅम. भाग फार लहान पडला तर मघाशी सांगितलेला रक्ताचा लोंढा वाढीचा निरोप न राहता पेशींना इजा करतो आणि यकृत नेमके वाढायच्या वेळी खचते. दादाच्या यकृतात चरबी असेल तर वाढ मंदावते. मग डॉक्टर आधी वजन कमी करायला सांगतील. ते मनावर घ्यावे आणि दारू पूर्ण बंद ठेवावी. दात्याच्या मृत्यूचा धोका उजव्या भागासाठी साधारण हजारात दोन ते पाच इतका सांगितला जातो. हा आकडा दादाने आईंच्या समोर ऐकावा, मागे नाही. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यानुसार मुलगा जवळचा नातेवाईक ठरतो, पण त्याची संमती अगदी शस्त्रक्रियेच्या सकाळपर्यंत त्याच्या हातात असते आणि घरातल्या कोणीही, तुम्हीसुद्धा, तिच्यावर दडपण आणू नये.

'पुन्हाही देईन' हे मात्र होणार नाही. वजन भरून येते, उजवा खंड येत नाही. उरलेल्या डाव्या भागाला जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका एकाच संचाच्या असतात. पुन्हा कापायला सुरक्षित अशी वाट राहत नाही. दान एकदाच. आईंना हेही सांगा की पहिले काही आठवडे दादाला दुखेल, थकवा राहील आणि जड उचलता येणार नाही, पण त्याच्या शरीरात त्या वेळी तेच चालू असेल जे बाबांच्या शरीरात बसवलेल्या भागात चालू असेल: एकाच यकृताचे दोन भाग दोन देहांत, प्रत्येक आपापल्या देहाच्या मापाने वाढत असलेला. आपल्याकडे १९९८ साली दिल्लीत वडिलांनी दिलेल्या भागावर वीस महिन्यांच्या बाळाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले, तेव्हा तो छोटा तुकडाही त्या बाळाबरोबरच वाढत गेला.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ती या सगळ्याच्या आधी करायची आहे. हिपॅटायटिस बी घरात एकाला असला की इतरांना असण्याची शक्यता राहते, आणि तो अनेक वर्षे काहीही न जाणवता यकृतात राहतो. दादाची तपासणी रुग्णालय करीलच. त्याला तो निघाला तर तो दाता होऊ शकणार नाही, आणि हे आजच कळणे बरे. पण तुम्ही, तुमची भावंडे, मुले आणि आई यांनीही रक्ताची तपासणी करून घ्यावी. ज्यांना संसर्ग नाही आणि लसही झालेली नाही, त्यांनी सहा महिन्यांत पूर्ण होणारे लसीचे तीन डोस घ्यावेत. आईंनी इतकी वर्षे बाबांसोबत काढली आहेत, त्यामुळे त्यांची तपासणी सर्वांत आधी व्हावी. येत्या आठवड्यात तपासणीसाठी रक्त द्यायला जाल तेव्हा त्यांनाही सोबत न्या.